कुत्र्याला काय कळतंय?

माझी पहिली बायलाइन छापून आली, त्या दिवशी सकाळी सात वाजता मी अंक हातात घेऊन घरभर नाचत होते. आईने तो देवापुढे ठेवला, बाबांनी चष्मा लावून दोनदा वाचला, दादाने ‘दोनच कॉलम? बास?’ म्हणत नेहमीचं बंधुप्रेम दाखवलं. मी कॉलर ताठ करून ऑफिसला गेले. संध्याकाळी परत आले तर तोच अंक बाल्कनीत पसरलेला, आणि माझ्या नावाच्या अगदी मधोमध आमच्या चिकूने शू केलेली. शेजारी जाहिरातींचं अख्खं पान कोरडं होतं. क्रीडा पानावर एक थेंब नव्हता. त्याला नेमकी माझीच जागा सापडली.

घरात सगळे पोट धरून हसले. मीही हसले, पण थोडं उशिरा. तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात बसलाय. कुत्री जागेबाबत इतकी चोखंदळ का असतात? आणि त्याला चिकटून आलेला दुसरा, जरा अवघड प्रश्न असा की, कुत्रं इतकं चोखंदळ असताना त्याला फिरवायला नेणारे आपण इतके बेफिकीर कसे?

(आधीच सांगते, या लेखात ‘शी’ आणि ‘शू’ हेच शब्द येणार आहेत. घराघरात हेच बोलले जातात. नाश्ता करत वाचत असाल तर पान उलटून ठेवा, नंतर वाचा.)

पेपरची सवय

चिकू देशी आहे. कॉलेजच्या कॅन्टीनमागे एका खोक्यात सापडला, तेव्हा जेमतेम दीड महिन्याचा होता. पावसाळा ऐन भरात होता आणि लसी पूर्ण होईपर्यंत खाली नेऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मग आम्ही बाल्कनीत रद्दी पसरली. पंधरा दिवसांत गडी तयार! पेपर दिसला की बसला. आम्हाला वाटलं, काय हुशार कुत्रं आहे. हुशार आहेच, पण त्यामागे एक साधी गोष्टही आहे.

पिल्लं साधारण तीन आठवड्यांची झाली, चालायला लागली की झोपायची जागा सोडून जरा लांब जाऊन शी-शू करतात. जिथे झोपायचं तिथे घाण करायची नाही, हे त्यांना मुद्दाम कुणी शिकवत नाही. पुढच्या काही आठवड्यांत पायाखाली जे लागतं, मग ती माती असो, गवत असो, फरशी नाहीतर कागद, तेच त्यांच्या डोक्यात ‘ही ती जागा’ म्हणून पक्कं होतं. ज्या पिल्लांना विक्रीसाठी दिवसरात्र पिंजऱ्यात कोंडून ठेवलेलं असतं, त्यांना लांब जायला जागाच नसते. त्यांची ही उपजत सवय मोडते आणि पुढे घरी आणल्यावर ‘हा कुठेही करतो’ म्हणून बोलणी खायला तीच असतात.

चिकूच्या डोक्यात कागद पक्का झाला. त्यामुळे माझ्या बायलाइनचा त्याने अपमान केला नव्हता. त्याच्या हिशोबाने त्याने अंकाचा योग्य तो वापर केला होता. ऑफिसमधल्या सीनियर सरांना हे सांगितलं तर म्हणाले, ‘‘चला, तुला एक तरी नियमित वाचक मिळाला.’’

खाली चाललेल्या गप्पा

लसी झाल्या, चिकू खाली जायला लागला आणि खरा तमाशा सुरू झाला. पहिल्या खांबाला हुंगणार, पुढे जाणार, परत मागे येणार. अ‍ॅक्टिवाचं मागचं चाक, मग कुंपणाची भिंत, मग नारळाच्या झाडाचा बुंधा. शी करायची असेल तर गोल गोल फिरणार. दोन फेऱ्या, तीन फेऱ्या, आता बसतोय असं वाटेपर्यंत उठणार आणि चार पावलं पुढे जाऊन पुन्हा पहिल्यापासून. मला साडेआठची बस, आणि साहेबांचं मुहूर्त बघणं चालू.

नंतर वाचायला लागले तेव्हा कळलं, आपल्याला जो टाइमपास वाटतो ते त्याचं महत्त्वाचं काम असतं. कुत्र्याच्या शूमधून दुसऱ्या कुत्र्याला बरंच काही समजतं. इथून कोण गेलं, नर की मादी, ओळखीचं की नवीन, कधी गेलं. आपण सकाळी उठल्या उठल्या फोन उघडून रात्रभरात ग्रुपवर काय झालं ते बघतो ना, तसंच. त्याच्यासाठी तो ग्रुप खांबावर असतो. गाडीचं चाक तर खासच, कारण ते गावभर फिरून येतं आणि दहा गल्ल्यांचे वास सोबत आणतं. शिवाय ते उभं असतं आणि बरोबर नाकाच्या उंचीवर.

अमेरिकेत मार्क बेकॉफ नावाचे प्राणी वर्तनाचे अभ्यासक आहेत. कोलोरॅडोमधल्या बोल्डर शहरात राहणाऱ्या या माणसाने पाच हिवाळे एक विचित्र उद्योग केला. बर्फावर कुत्र्यांनी शू केली की तो पिवळा बर्फ उचलायचा, दुसरीकडे नेऊन ठेवायचा आणि आपला कुत्रा जेथ्रो तिथे किती वेळ हुंगतो ते मोजायचं. बघणाऱ्यांना काय वाटलं असेल याची कल्पना करा! पण २००१ साली त्यांचा निबंध आला. जेथ्रो स्वतःच्या शूजवळ कमी वेळ थांबत होता, इतरांच्या शूजवळ जास्त. म्हणजे ‘हे माझं’ आणि ‘हे दुसऱ्याचं’ हा फरक त्याला वासावरून कळत होता. आपण आरशात बघून स्वतःला ओळखतो, तो बहुधा नाकाने ओळखतो.

दुसरी गंमत २०१८ सालची, न्यूयॉर्क राज्यातली. बेटी मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निवारा केंद्रांतल्या नर कुत्र्यांचं शूटिंग केलं आणि तंगडी किती अंशात वर जाते ते मोजलं. छोटी कुत्री तंगडी जास्त उंच करतात, असं दिसलं. शू जितकी उंचावर, तितका मागून येणाऱ्याला वाटणार की इथे कुणीतरी भारी गडी येऊन गेला. अंगापेक्षा मोठा फोटो टाकायचा हा प्रकार आपल्याला नवा नाही.

आणि सगळ्यात कडी म्हणजे चेक आणि जर्मन शास्त्रज्ञांचं काम. ७० कुत्री, ३७ जाती, दोन वर्षं. या काळात त्यांनी १,८९३ वेळा शी आणि ५,५८२ वेळा शू करताना कुत्र्यांचं अंग कोणत्या दिशेला होतं ते होकायंत्राने नोंदवलं. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र शांत असताना कुत्री उत्तर-दक्षिण दिशेत बसणं पसंत करतात, असा त्यांचा निष्कर्ष. चुंबकीय क्षेत्रात चढउतार असले की ही पसंती नाहीशी व्हायची. असं का होतं, हे अजून उलगडलेलं नाही. २०१३च्या डिसेंबरमध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं आणि २०१४ साली त्याला इग नोबेल मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला मिळणारा हा पुरस्कार.

मीही फोनवर कंपास उघडून आठवडाभर चिकूच्या मागे फिरले. निकाल काही लागला नाही. कारण त्या अभ्यासातली कुत्री मोकळ्या मैदानात, पट्ट्याशिवाय होती. आमच्या गल्लीत एका बाजूला लावलेल्या दुचाकी, दुसऱ्या बाजूला पाणीपुरीची गाडी आणि मध्ये मी पट्टा ओढतेय, ‘‘चल ना रे, लवकर!’’ उत्तर-दक्षिण सोडा, त्याला धड वळायलाही जागा नव्हती.

लाल बाटली

कुत्र्याला काय कळतं याबद्दल आपल्याला किती कमी कळतं, याचं उत्तम उदाहरण म्हणजे फाटकाबाहेर टांगलेली लाल पाण्याची बाटली. तुमच्या गल्लीत एक तरी असेलच. कुणी कुंकू कालवतं, कुणी नीळ. ती बघून कुत्री म्हणे दारात घाण करत नाहीत. जपानमध्ये हाच प्रयोग मांजरांवर करतात, साध्या पाण्याच्या बाटल्या भिंतीपाशी ओळीने मांडतात.

आता गंमत बघा. कुत्र्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, आपल्या तीन प्रकारच्या. त्याला निळा आणि पिवळा नीट दिसतो. लाल रंग त्याला मळकट, करडा-तपकिरी असा काहीतरी दिसतो. म्हणजे आपण ज्याला भीतीदायक लाल समजतो, ते त्याच्या दृष्टीने चहाच्या रंगाचं पाणी. आमच्या समोरच्या बंगल्याच्या फाटकावर अशा तीन बाटल्या आहेत. चिकू रोज त्यातल्या मधल्या बाटलीला सलाम ठोकून पुढे जातो.

नीळ घातलेली बाटली त्याला दिसते, पण म्हणून तो घाबरेल कशाला? जागेचा निर्णय तो नाकाने घेतो. तिथे आधी कुणी शू केलेली असेल आणि तो वास राहिला असेल, तर तिथे दहा बाटल्या लटकवल्या तरी तो थांबणारच. फिनेलने पुसलं की आपल्या नाकापुरता प्रश्न सुटतो, त्याच्या नाकापुरता नाही. त्यासाठी एन्झाइमवालं क्लीनर मिळतं, ते वास मुळातून काढतं. बाटलीपेक्षा महाग आहे, पण उपयोगी आहे.

त्या दिवाळीत

मागच्या दिवाळीत चिकूने घरात, हॉलच्या मधोमध, सोफ्याला लागून शू केली. पाहुणे बसलेले. बाबांचा पारा चढला. त्यांनी त्याचं मानगूट धरून नाक फरशीवर टेकवलं आणि ओरडले, ‘‘हे काय केलंस? परत करशील?’’ बाबा वाईट नाहीत. त्यांच्या लहानपणी गावाकडे कुत्र्याला असंच ‘वळण’ लावायचे. चिकू सोफ्याखाली गेला तो रात्री अकरापर्यंत बाहेर आला नाही.

दोन दिवस तो घरातच चोरून कोपऱ्यात करायला लागला. आम्ही म्हटलं, बघा, मुद्दाम करतोय. शेवटी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं आणि आधी आम्हालाच विचारलं, ‘‘फटाके वाजायला लागल्यापासून हा खाली नीट गेलाय का?’’ आम्ही एकमेकांकडे बघितलं. नव्हता गेला. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी जिन्यातूनच थरथरत परत फिरला होता. म्हणजे जवळजवळ अख्खा दिवस त्याने धरून ठेवलं होतं. शेवटी सुटलं, तेव्हा आम्ही त्याचं नाक फरशीवर घासलं.

डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या, त्या मी इथे लिहून ठेवते. एक, ओरडल्यावर कुत्रं ‘घरात करायचं नाही’ हे शिकत नाही, ‘या माणसासमोर करायचं नाही’ हे शिकतं. मग ते लपून करतं आणि खाली नेल्यावर आपल्यासमोर करायलाही घाबरतं. दोन, घरात शू करायची सवय नसलेलं कुत्रं अचानक करायला लागलं, तर आधी दुखणं शोधा, मग शिस्त. मूत्रमार्गाचा संसर्ग, मधुमेह, म्हातारपण, भीती, यातलं काहीही असू शकतं.

बाबा त्या रात्री काही बोलले नाहीत. साडेबारा वाजता फटाके थांबल्यावर पट्टा घेऊन तेच त्याला खाली घेऊन गेले आणि पाऊण तासाने परत आले. ‘‘घेऊ दे त्याला वेळ,’’ एवढंच म्हणाले.

आता जरा आपल्याकडे बघू. आपल्यापैकी कितीजण सकाळी कुत्र्याला पाच मिनिटं खाली नेतो, एका हातात पट्टा, दुसऱ्या हातात रील? सकाळी आठला नेलं की पुढचं संध्याकाळी सातला, कारण दिवसभर कॉलेज, क्लास, इंटर्नशिप. मोठ्या कुत्र्याला दिवसातून तीन-चार वेळा तरी बाहेर जाता यायला हवं. पिल्लाचा साधा हिशोब असा असतो की, जितक्या महिन्यांचं पिल्लू, साधारण तितकेच तास ते धरू शकतं, फार तर एखादा तास जास्त. तीन लेक्चर सलग झाली की आपण वॉशरूमकडे धावतो आणि तिथली रांग बघून कॉलेज प्रशासनाला शिव्या देतो. कुत्र्याला अकरा तास कोंडल्यावर त्याने कुणाला शिव्या द्यायच्या?

मावशी

इथपर्यंत मी चिकूची वकील म्हणून बोलले. आता माझ्याविरुद्धची केस.

फेब्रुवारीतली गोष्ट. सकाळी मला एका कार्यक्रमाचं कव्हरेज होतं. चिकूने वीस मिनिटं खाल्ली, सहा गोल फेऱ्या मारल्या आणि शेवटी शेजारच्या सोसायटीच्या फाटकापाशी शी केली. मी खिसे चाचपले, कागद नव्हता. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. कुणी नव्हतं. पट्टा ओढला आणि चालायला लागले.

कोपऱ्यावर वळताना मागे बघितलं. त्या गल्लीत झाडलोट करणाऱ्या मावशी खराटा घेऊन येत होत्या. त्या फाटकापाशी थांबल्या. बाजूच्या कुंडीतली मूठभर माती टाकली, रस्त्यावर पडलेला पुठ्ठ्याचा तुकडा उचलला आणि खाली वाकून ती शी पुठ्ठ्यावर घेतली. हातात मोजे नव्हते.

मी परत गेले. का गेले, नीट सांगता येणार नाही. ‘‘मावशी, सॉरी हां, घाईत होते, कागद नव्हता,’’ असं काहीतरी पुटपुटले. त्यांनी चिकूकडे बघितलं. त्याने शेपूट हलवली.

‘‘कुत्र्याला काय कळतंय, ताई,’’ त्या म्हणाल्या आणि ढकलगाडी घेऊन पुढे गेल्या.

बस्स. आवाज चढवला नाही, टोमणाही मारला नाही. त्यांनी चिकूला माफ केलं होतं. माझ्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत आणि तेच मला दिवसभर टोचत राहिलं. कारण इतकं सगळं वाचून मला पक्कं माहीत होतं की कुत्र्याला बरंच कळतं. झोपायची जागा वेगळी, शीची जागा वेगळी, हे त्याला डोळे उघडल्यावर काही दिवसांत कळतं. स्वतःचं कोणतं आणि दुसऱ्याचं कोणतं, हे त्याला नाकाने कळतं. कळत नव्हतं ते मला. त्याने जागा शोधायला वीस मिनिटं घेतली होती, आणि कुणी बघतंय का हे ठरवायला मी दोन सेकंद.

‘टॅक्स भरतो ना आम्ही!’

हा विषय ऑफिसमध्ये, कॉलेजच्या ग्रुपवर, सोसायटीत, सगळीकडे काढून बघितला. ठरलेली उत्तरं मिळाली. एकेक घेते.

‘महापालिकेला टॅक्स भरतो, सफाईला माणसं आहेत ना.’ आहेत. पण ती रस्ता झाडायला आहेत, तुमच्या आमच्या लाडक्याची शी उचलायला नाहीत. आपल्या देशात माणसाचा मैला माणसाने हाताने उचलायची प्रथा बंद करण्यासाठी १९९३ साली कायदा झाला आणि तो पुरेसा ठरला नाही म्हणून २०१३ साली दुसरा करावा लागला. मास कॉमला असताना यावर आम्ही प्रेझेंटेशन केलं होतं, टाळ्याही मिळवल्या होत्या. तो कायदा माणसांच्या मैल्याबद्दल आहे, कुत्र्यांच्या नाही, हे मला माहीत आहे. पण पुठ्ठ्याने शी उचलणाऱ्या हातांना त्या दोन्हींत काय फरक वाटत असेल? पाळीव कुत्रं हा माझा शौक. त्याची घाण दुसऱ्याच्या हाताला लागावी, आणि तो हात नेहमी त्याच गरीब माणसांचा असावा, ही आपली जुनीच सवय नव्या पट्ट्याला बांधून फिरवणं झालं.

‘अरे, ते खत असतं, मातीत जाईल.’ शेणासारखं? नाही. गाय गवत खाते, कुत्रं मांस-मासे, अंडी आणि पाकिटातलं खाद्य खातं. त्याच्या शीत जंतांची अंडी असू शकतात आणि ती मातीत बराच काळ टिकतात. त्याच मातीत सोसायटीतली पोरं खेळतात. पार्व्होसारखा जीवघेणा आजार एका पिल्लाच्या शीतून दुसऱ्या पिल्लाला होतो. आणि पावसाळ्यात लेप्टोची भीती आपल्याला ठाऊक आहेच. तो मुख्यतः उंदरांच्या मूत्रातून पसरतो, पण संसर्ग झालेल्या कुत्र्याच्या मूत्रातूनही पसरू शकतो. म्हणून चिकूच्या लसीची तारीख चुकवायची नाही, हाही त्यातलाच भाग.

‘भटक्या कुत्र्यांचं काय? त्यांची कोण उचलतं?’ कुणी नाही, म्हणजे पुन्हा मावशीच. पण भटक्या कुत्र्यामागे पट्टा धरून चालणारा माणूस नसतो, माझ्या कुत्र्यामागे असतो. त्यांच्या नावाने मला सूट कशी मिळेल?

‘आधी माणसांचं बघा, भिंती कोण खराब करतं?’ हे मात्र शंभर टक्के मान्य. ज्या देशात भिंतीवर ‘येथे लघवी करू नये’ लिहावं लागतं आणि तेही पुरत नाही म्हणून देवांच्या टाइल्स बसवाव्या लागतात, तिथे कुत्र्यांवर लेख लिहिणं जरा विनोदीच आहे. कुत्रं निदान वाचू तरी शकत नाही. पण एकाने घाण केली म्हणून दुसऱ्याची घाण स्वच्छ ठरत नाही.

‘भारतात हे होणं शक्य नाही.’ न्यूयॉर्कमध्येही असंच म्हणत होते. तिथे १ ऑगस्ट १९७८ पासून कुत्र्याची शी मालकाने उचलायची, असा कायदा लागू झाला. त्याआधी रस्त्यांची अवस्था वाईट होती आणि कायद्याला विरोध करणाऱ्यांत कुत्रे पाळणारेही होते. आज तिथे कुत्र्याबरोबर पिशवी घेऊन निघणं ही साधी सवय आहे. आपल्याकडेही पाळीव कुत्र्यासाठी महापालिकेचा परवाना लागतो, मुंबईसारख्या शहरांत कुत्र्याने सार्वजनिक जागी घाण केली तर मालकाला दंडाची तरतूद आहे. नियम कागदावर आहेत. खिशात कागद नाही, एवढाच प्रश्न आहे.

खिशातला कागद

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. जागा कुत्र्याने निवडायची, वेळ आपण द्यायचा आणि मागचं आपणच उचलायचं. यातलं एकही वगळलं तर उरलेल्यांना अर्थ नाही. वेळ देतो पण उचलत नाही, तो मावशींवर अन्याय. उचलतो पण वेळ देत नाही, तो कुत्र्यावर. आणि ज्याला दोन्ही जमणार नाही, त्याने पिल्लू घरी आणू नये. रीलमध्ये पिल्लू गोड दिसतं, पण रोज सकाळी सहा वाजता, परीक्षेच्या दिवशीसुद्धा, धो धो पावसातसुद्धा, ते पायाशी येऊन उभं राहतं. तेव्हा कुणी लाइक करत नाही.

महागड्या पिशव्यांची गरज नाही. पेपरचं एक पान पुरतं. शक्य असेल तर कुत्रं बसलं की पान हळूच खाली सरकवायचं, नाहीतर नंतर दुमडून उचलायचं. घरी आणून शी संडासात टाकून पाणी सोडायचं, कागद घट्ट गुंडाळून कचऱ्यात. ओल्या कचऱ्याच्या डब्यात मोकळी टाकायची नाही, कारण तो डबाही शेवटी कुणीतरी हातानेच उपसतं. हात धुवायचे. एकूण वेळ दोन मिनिटं. पहिल्या दिवशी लाज वाटते, दुसऱ्या दिवशी वास येतो, आठव्या दिवशी काहीच वाटत नाही.

आमच्या गल्लीत आता चिकूला धरून तीन कुत्र्यांमागे कागद फिरतो. फार मोठी क्रांती नाही, पण शेजारच्या सोसायटीच्या फाटकावरची एक लाल बाटली मागच्या आठवड्यात उतरली. मावशी दिसल्या की चिकू शेपूट हलवतो. मी हातातलं पेपरचं पुडकं वर करून दाखवते. त्या मान डोलावतात आणि पुढे जातात. त्यापेक्षा जास्त आमच्यात बोलणं होत नाही आणि ते ठीकच आहे.

आणि हो, आमच्या घरी येणाऱ्या अंकांतलं युवा पुरवणीचं पान मी आता वेगळं काढून ठेवते. त्याचा आकार बरोबर पुरतो. उद्या सकाळी हे पानही माझ्या खिशात असेल, नावासकट. चिकूला ते पान आवडतं, हे आता सगळ्यांना माहीत झालंय. तुमच्या घरी कुत्रं असेल, तर वाचून झाल्यावर तुम्हीही ठेवा. मला अजिबात राग येणार नाही.